कार्यक्रमाला आलात, हा घ्या बिल्ला: ब्लॉकचेनवरचं स्मृतिचिन्ह देण्याची पूर्ण पद्धत

फेब्रुवारी २०१९ मध्ये अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरात ईथडेन्व्हर ही हॅकेथॉन, म्हणजे प्रोग्रामरांची सलग चालणारी स्पर्धा, भरली होती. तिथे भाग घेतलेल्यांना पॅट्रिसिओ वर्थाल्टर यांनी एक डिजिटल बिल्ला दिला. ‘हा माणूस त्या दिवशी इथे होता’ एवढंच सांगणारी ती इथेरियम या ब्लॉकचेनवरची, म्हणजे अनेक संगणकांवर एकत्र ठेवलेल्या सार्वजनिक नोंदवहीतली, एक नोंद होती. त्यातून ‘प्रूफ ऑफ अटेंडन्स प्रोटोकॉल’ उभा राहिला. त्याला सगळे ‘पोॲप’ म्हणतात. पुढे २०२१ मध्ये एनएफटीचा, म्हणजे ब्लॉकचेनवर मालकी नोंदवलेल्या डिजिटल वस्तूंचा, बाजार डोक्यावर चढला आणि २०२२ मध्ये कोसळलाही. माकडांची चित्रं लाखो डॉलरला घेणारे गप्प झाले, पण हजेरीचे बिल्ले वाटणं चालूच राहिलं. कारण सोपं आहे. ते कुणी विकत घेतलेलेच नव्हते.

तुम्ही शंभर ते पाचशे लोकांचा कार्यक्रम करता, मग ती तंत्रज्ञानाची परिषद असो, मॅरेथॉन असो, साहित्य महोत्सव असो किंवा परदेशातल्या मराठी मंडळाचं अधिवेशन. आलेल्या माणसाने नुसतं बसून निघून जाऊ नये, असं तुम्हाला वाटत असेल तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे. प्रोग्रामिंग येण्याची गरज नाही. हिशेब, छपाई आणि माणसं सांभाळता येण्याची मात्र आहे.

## आधी ठरवा, बिल्ला हवा कशाला

किती जण आले एवढंच मोजायचं असेल तर नोंदवही पुरते. मोबाइल नंबर गोळा करायचे असतील तर गूगल फॉर्म आहे. ब्लॉकचेन त्याच्या पलीकडे दोनच गोष्टी देते. एक, बिल्ला ज्याचा त्याच्याकडे राहतो. तुमची संस्था उद्या बंद पडली, वेबसाइटचं नूतनीकरण राहून गेलं, तरी त्याची नोंद टिकते. दोन, ती नोंद कुणालाही वाचता येते. पुण्यातल्या गटाने दिलेला बिल्ला नागपूरचा गट तुमची परवानगी न मागता पाहू शकतो आणि ‘ज्यांच्याकडे हा बिल्ला आहे त्यांच्यासाठी दहा जागा राखीव’ असं जाहीर करू शकतो. या दोन्हींचा तुम्हाला उपयोग नसेल, तर हा खटाटोप सोडा आणि चांगला छापील बॅज काढा. पैसे वाचतील.

टपाल तिकिटांच्या प्रदर्शनात टपाल खातं त्या दिवसापुरता खास शिक्का काढतं. पाकिटावर तो मारून घ्यायला रांगेत उभे राहणारे लोक ‘याचे किती येतील’ असं विचारत नाहीत. तारीख बरोबर उमटली का आणि गावाचं नाव नीट दिसतंय का, हे बघतात. बिल्ल्याकडे याच नजरेने पाहा. प्रायोजकाने ‘यातून आपण कमाई करू’ असं म्हटलं तर त्याला प्रेमाने दुसऱ्या विषयाकडे वळवा. पैशाचा वास लागला की पहिल्या तासात असे लोक येतात ज्यांना तुमच्या कार्यक्रमाशी काही देणंघेणं नसतं. पोॲपच्या बाबतीत हे भरपूर झालं. पुढेमागे एखादा प्रकल्प बिल्लाधारकांना फुकट टोकन, म्हणजे विकता येणारी डिजिटल नाणी, वाटेल या आशेवर घरी बसून शेकड्याने बिल्ले जमवणारे तयार झाले.

उद्देश एका ओळीत लिहून काढा. ‘लोकांनी पाचही दालनांत फिरावं’, ‘पहिल्यांदा आलेले पुढच्या वर्षी परत यावेत’, ‘स्वयंसेवकांना त्यांचं म्हणून काही मिळावं’ यांपैकी एक. तिन्ही एकदम नको. पुढचे सगळे निर्णय या ओळीवर अवलंबून आहेत.

आणखी एक गल्लत इथेच टाळा. कार्यशाळेचं प्रमाणपत्र वेगळं आणि बिल्ला वेगळा. प्रमाणपत्रावर नाव असतं, ते खरं की खोटं हे तिसऱ्या माणसाला तपासायचं असतं. गडचिरोलीतल्या एटापल्लीत २०२२ मध्ये सुमारे ६५ हजार जात प्रमाणपत्रांची पडताळणी पॉलिगॉन या साखळीवर, म्हणजे ब्लॉकचेनवर, ठेवण्याचं काम झालं. तो या तंत्राचा गंभीर उपयोग आहे आणि त्याला गंभीर व्यवस्था लागते. बिल्ल्यावर कुणाचंही नाव नको. तो हलकाच राहू द्या.

## साखळी आणि सेवा निवडणं

मूळ इथेरियमवर तीनशे बिल्ले वाटायला जाऊ नका. २०२१ च्या गर्दीत तिथे एका नोंदीला कित्येकदा दहा-वीस डॉलर किंवा त्याहून जास्त शुल्क पडायचं. पोॲपनेही २०२० मध्येच मुक्काम हलवला आणि एक्सडाय या स्वस्त साखळीवर गेलं, जिला आज नोसिस चेन म्हणतात. तुमच्यासमोर नोसिस, पॉलिगॉन आणि बेस असे सरळ पर्याय आहेत. तिन्हींवर एका बिल्ल्याचं शुल्क बहुतेक वेळा रुपया-दोन रुपयांच्या आत राहतं. पॉलिगॉन २०१७ मध्ये मुंबईत ‘मॅटिक’ या नावाने सुरू झालं. अभिमान वाटायला हरकत नाही, पण निवड त्यावरून करू नका. तुमचे लोक जे वॉलेट, म्हणजे बिल्ले ठेवायचं ॲप, वापरतील त्यात बिल्ला आपोआप दिसतो का, यावरून करा.

साखळीपेक्षा सेवा निवडताना जास्त डोकं लावावं लागतं. २०२२ च्या सुरुवातीला कॅलिफोर्नियातल्या कोचेला संगीत महोत्सवाने १० आजीवन पास एनएफटी म्हणून विकले आणि त्यातून सुमारे १५ लाख डॉलर उभे केले. हे पास एफटीएक्स या क्रिप्टो चलनांच्या बाजारात ठेवलेले होते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये एफटीएक्स बुडालं आणि पासधारकांना आपलाच पास हाती घेता येईना. साखळी व्यवस्थित चालू होती. किल्ली भलत्याकडे होती, हा घोटाळा होता. स्टारबक्सने ‘ओडिसी’ नावाने डिजिटल शिक्क्यांची योजना काढली होती, तीही ३१ मार्च २०२४ ला बंद केली. एवढ्या मोठ्या कंपन्यांचं हे होतं, तर ‘एनएफटी सोल्युशन्स’ अशी पाटी लावलेल्या दोन खोल्यांच्या कंपनीचं काय, हा विचार करून बोलणी करा.

सेवा देणाऱ्याला हे विचारा आणि उत्तर ईमेलवर घ्या. बिल्ल्याचं कॉन्ट्रॅक्ट, म्हणजे बिल्ले तयार करणारा साखळीवरचा प्रोग्राम, कुणाच्या मालकीचं राहील, त्यांच्या की तुमच्या? चित्र कुठे साठवलं जाईल? उत्तर ‘आमच्या सर्व्हरवर’ असं आलं तर नको म्हणा. आयपीएफएस किंवा आरवीव्ह हवं, या फाइल अनेक संगणकांवर ठेवणाऱ्या व्यवस्था आहेत, आणि आयपीएफएस असेल तर ती फाइल जिवंत ठेवण्याचा खर्च कोण उचलणार हेही विचारा. आलेल्या माणसाला बिल्ला दुसऱ्या वॉलेटमध्ये नेता येईल का? आणि त्यांनी दुकान बंद केलं तर धारकांची यादी तुम्हाला कशी मिळेल? पोॲपसारखी तयार सेवा घेत असाल तर ती सध्या नवे बिल्ले कुठल्या अटींवर देते हे आधी तपासा. अशा सेवांचे दर आणि नियम बदलत असतात. शिवाय तिथे तुमचा अर्ज माणसं तपासत असतील, तर आदल्या रात्री अर्ज करून चालत नाही. स्वतःचं कॉन्ट्रॅक्ट हवं असेल तर थर्डवेब किंवा मॅनिफोल्डसारखी साधनं आहेत. कोड न लिहिता काम होतं, पण एक जाणकार माणूस शेजारी बसवा.

एकच बिल्ला सर्वांना द्यायचा असेल किंवा बिल्ल्यांचा संच करायचा असेल तर ईआरसी-११५५ हे मानक सोयीचं. प्रत्येक बिल्ला वेगळा हवा असेल, म्हणजे आसन क्रमांक किंवा धावपटूचा क्रमांक त्यावर यायचा असेल, तर ईआरसी-७२१. फेब्रुवारी २०२२ च्या सुपर बोलला, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्याला, आलेल्या प्रेक्षकांना त्यांचा विभाग, रांग आणि आसन नोंदवलेलं स्मरण-तिकीट मिळालं होतं, ते या दुसऱ्या प्रकारचं काम.

‘सोलबाउंड’, म्हणजे हस्तांतर न होणारा बिल्ला करा, असा सल्ला तुम्हाला मिळेल. ऐकायला तो शहाणपणाचा वाटतो. पण तुमचे बहुतेक लोक बिल्ला आधी ईमेलवरच्या तात्पुरत्या वॉलेटमध्ये घेणार. त्यातल्या कुणाला सहा महिन्यांनी स्वतःचं वॉलेट उघडून तो तिकडे न्यायचा असेल, तर तुम्हीच दार बंद केलेलं असेल. म्हणून मी हस्तांतर उघडं ठेवण्याच्या बाजूचा आहे. चार जणांनी बिल्ला मित्राला दिला तर काही आकाश कोसळत नाही.

## वॉलेटचा तिढा

इथेच बहुतेक प्रयोग फसतात. नोंदणीच्या टेबलापाशी उभ्या असलेल्या माणसाला ‘आधी मेटामास्क हे वॉलेट उतरवा, मग त्याची किल्ली असलेले बारा शब्द कागदावर लिहून ठेवा’ असं सांगणं म्हणजे त्याला घालवून देणं. चहा थंड होतोय, पहिलं सत्र सुरू होतंय, आणि बारा शब्द तो कुठे लिहिणार? जेवणाच्या कुपनावर?

ईमेलवर बिल्ला घेण्याची सोय असलेली सेवाच निवडा. माणूस क्यूआर स्कॅन करतो, ईमेल टाकतो आणि बिल्ला त्या ईमेलच्या नावे राखून ठेवला जातो किंवा आत गुपचूप तयार झालेल्या वॉलेटमध्ये जातो. क्रॉसमिंट, प्रिव्ही यांसारख्या सेवा हेच करतात. ज्यांच्याकडे स्वतःचं वॉलेट आहे त्यांना पत्ता टाकायची दुसरी खिडकी ठेवा. ती पानावर खाली, लहान अक्षरात. बाकीच्यांना ती दिसून गोंधळ नको.

त्या पानावरची भाषा तुम्हीच लिहा, सेवेने दिलेली इंग्रजी ठेवू नका. ‘मिंट करा’ऐवजी ‘बिल्ला घ्या’. ‘ट्रान्झॅक्शन प्रोसेस होत आहे’ऐवजी ‘थांबा, नोंद होते आहे, अर्धा मिनिट’. ‘क्रिप्टो’ हा शब्द पानावर कुठेही नको. तो वाचला की अर्ध्या लोकांना पैसे बुडल्याची बातमी आठवते आणि उरलेल्यांना पैसे मिळण्याची आशा लागते.

शुल्क नेहमी तुमच्याकडून भरलं गेलं पाहिजे. आलेल्या माणसाच्या फोनवर कुठल्याही क्षणी रुपयाचं चिन्ह दिसता कामा नये.

## चित्र

पोॲपने रूढ केलेला आकार म्हणजे गोल, पाचशे गुणिले पाचशे पिक्सेल, पीएनजी किंवा हलतं चित्र असेल तर जीआयएफ. फाइल जितकी हलकी तितकी बरी, दोनशे केबीच्या आत ठेवा. हे माप आजही सोयीचं आहे, कारण जवळजवळ सगळी वॉलेट आणि संग्रहाची पानं ते नीट दाखवतात.

पण देवनागरीची अडचण या मापात उघडी पडते. फोनवर हा बिल्ला अंगठ्याच्या नखाएवढा दिसतो. त्यात ‘स्नेहसंमेलन’ लिहिलं तर जोडाक्षराचा गठ्ठा होतो, अनुस्वार धूळ बसल्यासारखा दिसतो, आणि एखाद्या शब्दात रफार असेल तर तो गायबच. म्हणून शब्द कमी, अक्षर जाड. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचे ‘मुक्त’ आणि ‘बलू’ हे फॉन्ट मोफत वापरता येतात. बलूची जाड वळणं लहान आकारातही टिकतात. कार्यक्रमाचं पूर्ण नाव वर्णनात जाऊ द्या. चित्रावर फक्त खूण, गाव आणि वर्ष. आणि ते नखाएवढं करून, हात लांब करून, चष्मा काढून पाहा.

खूण कुणाकडून काढून घ्यायची? स्थानिक चित्रकाराकडून, पैसे देऊन. एआयकडून चित्र काढून घेतलेले बिल्ले दुरून ओळखू येतात, त्यांच्यात कुणी जपून ठेवावं असं काही नसतं. चित्रकाराशी दोन ओळींचा करार करा. हे चित्र कायमस्वरूपी सार्वजनिक राहील आणि नंतर मागे घेता येणार नाही, हे त्यात स्पष्ट लिहा. ही गोष्ट कलाकारांना आधी सांगितली जात नाही, मग वाद होतात.

वर्णन तीन वेगळ्या माणसांकडून तपासून घ्या. तारीख, सभागृहाचं नाव, ऱ्हस्व-दीर्घ. एकदा साखळीवर गेलं की दुरुस्तीपत्रक काढता येत नाही. वक्त्यांची नावं वर्णनात घालू नका, ऐनवेळी वक्ता बदलतो.

## किती कोड, कोणत्या रूपात

समजा तीनशे लोकांची नोंदणी आहे. विनामूल्य कार्यक्रमाला नोंदणी केलेले सगळे येत नाहीत, हे तुम्हाला ठाऊक आहेच. तरी कोड, म्हणजे बिल्ला घेण्याचे दुवे, तीनशेचे घ्या, वर स्वयंसेवक, वक्ते, ध्वनिव्यवस्थेची माणसं आणि खराब छपाई यांच्यासाठी चाळीस-पन्नास. न वापरलेला कोड फुकट जातो तो जाऊ द्या. कमी पडलेला कोड मात्र माणूस दुखावतो.

वाटण्याच्या पद्धती मुख्यतः चार.

मंचावरच्या पडद्यावर एकच क्यूआर. सर्वांत सोपी आणि सर्वांत वाईट. पहिल्या रांगेतला कुणी फोटो काढतो, तो व्हॉट्सॲपवर जातो, तिथून टेलिग्रामवर, आणि चहापर्यंत तुमच्या हॉलपेक्षा जास्त लोक ‘हजर’ असतात. मंचावरून सांगितलेल्या परवलीच्या शब्दाचंही तेच होतं.

एकदाच चालणाऱ्या दुव्याची कार्डं. प्रत्येक कार्डावर वेगळा क्यूआर, एकदा वापरला की संपला. माझी पहिली पसंती यालाच. प्रेसवाल्याला ‘प्रत्येक कार्डावर वेगळा कोड हवा, मी एक्सेलची फाइल देतो’ एवढं सांगितलं की त्याला कळतं, लग्नपत्रिकांवर वेगवेगळी नावं छापतात तेच काम. क्यूआर तीन सेंटिमीटरपेक्षा लहान नको. लॅमिनेशन मॅट हवं, चकचकीत कार्डावर हॉलच्या दिव्यांची तिरीप पडते आणि कॅमेरा चाचपडत बसतो. दुव्यांची फाइल म्हणजे रोख रक्कम समजा. ती प्रेसच्या सामाईक संगणकावर पडून राहणार नाही याची खात्री करा आणि दुवे कार्यक्रमाच्या सकाळीच चालू होतील अशी वेळ लावा.

टॅबवर बदलता क्यूआर. एकाने घेतला की पडद्यावर पुढचा येतो. कार्ड छापायचा खर्च नाही, पण रांग लागते. एका माणसाला चाळीस सेकंद धरले तरी तीनशे जणांना दोनशे मिनिटं, म्हणजे एका टॅबवर तीन तास वीस मिनिटं. तीन टॅब ठेवले तरी तासाहून जास्त. त्यामुळे ही पद्धत लहान कार्यशाळेला ठीक, प्रवेशद्वारावर नको.

एनएफसी चिप. फोन टेकवला की पान उघडतं, लोकांना मजा येते. पण साध्या चिपमध्ये एकच दुवा साठवलेला असतो, तो कुणीही उचलून पुढे पाठवू शकतो. दर वेळी नवी सही तयार करणारी एनटॅग ४२४ डीएनए सारखी चिप घ्या, नाहीतर पडद्यावरच्या क्यूआरचाच प्रकार पुन्हा होतो. ती महाग पडते, म्हणून प्रत्येकाच्या गळ्यात नको. प्रत्येक दालनात एक, स्वयंसेवकाच्या ताब्यात.

## बिल्ला द्यायचा कुठे

प्रवेशद्वारावर देऊ नका, हे मी ठासून सांगेन. दारात माणसाला आत जायचं असतं. तिथे दिलेला बिल्ला म्हणजे पावती. तो जिथे काही घडलं तिथे द्या. चर्चासत्रात प्रश्न विचारणाऱ्याच्या हातात सूत्रसंचालकाने कार्ड ठेवावं. कार्यशाळेत हाताने काही बनवून झाल्यावर, बाहेर पडताना. मॅरेथॉनमध्ये रेषा ओलांडल्यावर नव्हे, तर पाणी पिऊन श्वास बसल्यावर, पदक घेतात त्या टेबलापाशी.

उद्देश ‘लोकांनी फिरावं’ असा असेल तर संच करा. पाच दालनं, पाच बिल्ले, आणि त्यांतले कुठलेही चार जमले की खरी, हातात धरता येणारी वस्तू. पुस्तक द्या, चांगला स्टिकर द्या, नाहीतर गरम भजीची प्लेट. पाचपैकी पाच अशी अट नको. एक दालन दुपारी बंद असतं, एका ठिकाणी नेट नसतं, आणि शिक्षा मात्र उत्साही माणसाला होते. पाचापेक्षा जास्त बिल्ले ठेवले की लोक वक्त्याचं ऐकायचं सोडून कोड शोधत फिरतात.

आणि स्वयंसेवकांसाठी वेगळा बिल्ला करा. चित्र तेच, कडा वेगळी. मोठमोठ्या आयोजकांनाही हे सुचत नाही, पण सगळ्यात जास्त जपला जातो तो हाच. पहाटे पाचला खुर्च्या लावणाऱ्या मुलाला तीन वर्षांनी नोकरीच्या मुलाखतीत ‘मी तिथे काम केलं होतं’ हे दाखवता येतं.

## प्रत्यक्ष दिवशी

आदल्या दिवशी त्याच सभागृहात, त्याच कोपऱ्यात उभं राहून, दोन वेगळ्या कंपन्यांच्या सिमवर आणि एका जुन्या स्वस्त अँड्रॉइड फोनवर तालीम करा. रिकाम्या हॉलमध्ये नेट छान चालतं, तीनशे फोन आत आले की मान टाकतं. टेबलासाठी वेगळा राउटर आणा, त्याचा पासवर्ड कुणालाही देऊ नका, मंत्र्यांच्या पीएलाही नाही. नेट पूर्ण गेलं तर? म्हणूनच कार्डं. कार्ड घरी जाऊ शकतं, पडद्यावरचा क्यूआर जाऊ शकत नाही. कार्डांवरचे दुवे सात दिवस चालू ठेवा आणि कार्डाच्या मागे शेवटची तारीख छापा.

टेबलावर तंत्रज्ञ नको, बोलका माणूस हवा. त्याला दोन-चार वाक्यं पाठ करून द्या. संवाद साधारण असा व्हावा:

“काका, फोनचा कॅमेरा या चौकोनावर धरा. आलं? आता ईमेल टाका.”

“पैसे कापले जाणार का रे?”

“नाही काका, एक रुपयाही नाही. आजच्या कार्यक्रमाची आठवण आहे, ईमेलवर येईल.”

“आणि मला ईमेल नाही.”

“मग कार्ड राहू द्या खिशात, घरी ताईंना किंवा नातवाला दाखवा. रविवारपर्यंत चालतं.”

बस. ब्लॉकचेन म्हणजे काय ते विचारणारा दहातला एक असतो. त्याच्यासाठी बाजूला एक जाणकार उभा ठेवा, रांग अडू देऊ नका.

सुरक्षेच्या दोन गोष्टी स्वयंसेवकांना बजावून सांगा. कुणाचेही बारा शब्द विचारायचे नाहीत, कुणी आपणहून दाखवले तरी नजर फिरवायची. आणि दर तासाला आपल्या फलकांवरचे क्यूआर तपासायचे. वर दुसरा स्टिकर चिकटवून लोकांना भलत्याच पानावर नेण्याची युक्ती पेमेंटच्या क्यूआरवर सर्रास चालते, इथेही चालेल. निरोपाच्या ईमेलमध्ये एक ओळ घाला: ‘आम्ही एकच बिल्ला दिला आहे. वॉलेटमध्ये अनोळखी बक्षीस आलं आणि त्यावर दुवा असला, तर तो उघडू नका.’

## कायदा आणि कर, थोडक्यात

ईमेल गोळा करताय म्हणजे २०२३ चा डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायदा लक्षात घ्यायला हवा. ईमेल कशासाठी घेतोय, कुणाला देणार आणि काढून टाकायला कुठे सांगायचं, हे पानावर साध्या मराठीत लिहा. बातमीपत्राची चौकट आधीच टिचकी मारलेली नको. अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी त्या कायद्यात पालकांची पडताळता येणारी संमती सांगितली आहे. शाळेच्या कार्यक्रमात म्हणूनच मुलांना थेट बिल्ला न देता कार्ड पालकांच्या हाती द्या.

वॉलेटचा पत्ता आणि ईमेल यांची जोडलेली यादी तुमच्याकडे असेल तर ती जपा. साखळीवर पत्ता सगळ्यांना दिसतो. त्याच्याशी नाव जोडलं गेलं की त्या माणसाची शिल्लकही दिसते. आणि बिल्ल्यांवरून तो कोणत्या दिवशी कुठे होता हेही कळतं. एखाद्या आजाराच्या आधारगटाची बैठक किंवा राजकीय मेळावा असेल, तर असला बिल्ला देऊच नका.

कराचं म्हणाल तर २०२२ च्या अर्थसंकल्पाने एनएफटीला आभासी डिजिटल मालमत्तेत धरलं. विक्रीच्या नफ्यावर सरसकट ३० टक्के कर, तोटा दुसरीकडे वळता करता येत नाही, आणि १ जुलै २०२२ पासून व्यवहारावर १ टक्का टीडीएस. फुकट दिलेल्या, बाजारभाव नसलेल्या आठवणीला यातलं फारसं काही शिवत नाही. पण बिल्ला विकलात, किंवा त्याच्यासोबत पैशात मोजता येईल असं बक्षीस जोडलंत, तर आधी सीएला विचारा.

## कार्यक्रमानंतरचा आठवडा

बहुतेक आयोजक इथे हात झटकतात, आणि बिल्ल्याचा खरा उपयोग इथूनच सुरू होतो. पहिल्या आठवड्यात धारकांना एक गोष्ट द्या जी इतरांना मिळणार नाही. सत्रांची ध्वनिमुद्रणं चार दिवस आधी, किंवा पुढच्या कार्यक्रमाच्या विषयावर मत. २०२३ मध्ये अव्हेंज्ड सेव्हनफोल्ड या अमेरिकन मेटल बँडने आपल्या ‘डेथबॅट्स क्लब’च्या टोकनधारकांना तिकीटमास्टर या तिकीटविक्रीच्या साइटवर इतरांच्या आधी तिकिटं घेऊ दिली. तुमच्या पातळीवर याचं रूप म्हणजे पुढच्या वर्षीची नोंदणी धारकांसाठी दोन दिवस आधी उघडणं. त्यासाठी फार तंत्र लागत नाही. ईमेलची यादी असेल तर तीच पुरते, आणि वॉलेटवाल्यांसाठी गिल्ड किंवा कोलॅब.लँडसारखी साधनं डिस्कॉर्डवरच्या किंवा टेलिग्रामवरच्या गटाचं दार बिल्ला पाहून उघडतात. डेव्हकॉनसारख्या इथेरियमच्या परिषदांना जाणारे तुमच्यातले काही जण अशा दारांना सरावलेले असतील, बाकीच्यांना ईमेलच बरा.

मोजायचं काय? बाजारात बिल्ल्याचा भाव किती, हे अजिबात नाही. आलेल्यांपैकी किती जणांनी घेतला. त्यातल्या किती जणांनी नंतरचं ईमेल उघडलं. आणि पुढच्या वेळी त्यातले किती परत आले. पहिला आकडा निम्म्याच्या खाली असेल तर चित्राला दोष देण्याआधी टेबलाची जागा आणि नेट बघा. दालनागणिक आकडे वेगळे काढा. एखाद्या दालनात अचानक फार कमी बिल्ले गेले असतील तर तिथला स्वयंसेवक जेवायला गेला होता की विषयच रटाळ होता, हे विचारून घ्या.

धारकांची यादी सेवेच्या पानावर सोडून देऊ नका. फाइल उतरवून संस्थेच्या दोन पदाधिकाऱ्यांकडे ठेवा, आणि कॉन्ट्रॅक्ट तुमचं असेल तर त्याची किल्लीही एका माणसाच्या फोनवर अडकून राहणार नाही अशी व्यवस्था करा. सचिव बदलले की बँकेतल्या सह्या बदलतात, तसा हा विषयही हस्तांतराच्या यादीत टाका.

मुदत संपल्यावर विनंत्या येतातच. ‘मी आलो होतो पण कार्ड हरवलं’, ‘बायकोचा राहिला’, ‘मी येणारच होतो, गाडी चुकली’. पहिल्या दोघांचं नाव नोंदणीच्या यादीत असेल तर राखीव कोडमधून द्या, त्यासाठीच ते पन्नास होते. तिसऱ्याला नम्रपणे नाही म्हणा, मग तो अध्यक्षांचा मेहुणा का असेना. दोन आठवड्यांनी उरलेले राखीव दुवेही बंद करा आणि एकूण किती बिल्ले निघाले तो आकडा जाहीर करून टाका.